गिअर ऑइल कमी नव्हतं, ते माझ्यासमोरच काढून घेतलं

मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार. वाशीचा खाडीपूल ओलांडून मानखुर्दकडे येत होतो. रत्नागिरीहून निघून सव्वातीनशे किलोमीटर झाले होते. पिकअपच्या हौद्यात आंब्याच्या 22 पेट्या, शेजारी बायको. सिग्नलला गाडी हळू झाली तसा एक मोटारसायकलवाला डावीकडून आला आणि काचेवर टकटक करून ओरडला, “काका, खालून ऑइल गळतंय! गिअरबॉक्सचं दिसतंय, पुढे नेऊ नका.”

बाजूला घेऊन वाकून बघितलं. डाव्या पायरीखाली चेसिसवरून काळं ऑइल ओघळलेलं, दोन थेंब रस्त्यावरही. पोरगा मराठी बोलत होता, काका म्हणत होता आणि ऑइल तर डोळ्यांसमोर होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे मी मुद्दाम ऑटोमॅटिक घेतलेली. तिचा गिअरबॉक्स गेला तर खर्च किती होतो हे ऐकून होतो, त्यामुळे पोटात गोळाच आला. “इथेच आत गल्लीत गॅरेज आहे, चला दाखवतो,” असं म्हणून तो पुढे निघाला आणि मी त्याच्या मागे गेलो.

तिथल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून आत बघितलं आणि म्हणाला, “हिला गिअर ऑइलची दांडी नाही. खालून नट खोलूनच बघायला लागतं.” हे अगदी खरं होतं. हल्लीच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांना इंजिन ऑइलची डिपस्टिक असते, गिअरबॉक्सची नसते. मला हे माहीत होतं, आणि त्याने तेच सांगितल्यावर हा माणूस जाणकार आहे अशी माझी खात्री झाली. फसवणारा सुरुवात खऱ्या गोष्टीने करतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्याने इंजिन बंद करायला लावलं, पुढच्या बाजूला जॅक लावला, पुठ्ठा टाकून खाली सरकला आणि गिअरबॉक्सच्या चेंबरचा, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीचा, एक नट खोलला. ऑइल भसकन सुटलं. कापलेल्या कॅनमध्ये ते बरंच जमल्यावर त्याने नट लावला आणि कॅन माझ्यापुढे धरला. तपकिरीकडे झुकलेलं लाल ऑइल होतं. “जळलंय बघा. आणि लेव्हल पण कमी आहे.” एवढं ऑइल बाहेर येतंय आणि हा कमी आहे म्हणतोय, हा साधा प्रश्न त्या क्षणी मला पडला नाही, याची चुटपुट अजून लागते. बाहेर ऊन रणरणत होतं. त्याने आम्हा दोघांना आतल्या पंख्याखाली बसवलं, चहा मागवला. वीसेक मिनिटांनी गाडी तयार. 4 लिटर ऑइलचे 6,400, कसल्याशा औषधाचे 1,900, मजुरी 1,500. एकूण 9,800 रुपये, यूपीआयने. बिल म्हणजे वहीतलं फाडलेलं पान. त्यावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर.

घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या पुलाच्या चढावर गाडीने दगा दिला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, आरपीएम वर आणि गाडी जागच्या जागी. मग एकदम हिसका देऊन पुढे जायची. कसाबसा पूल उतरून बाजूला थांबलो आणि त्या मेकॅनिकलाच फोन लावला. जणू तो वाटच बघत होता. “म्हटलं होतं ना, ऑइल जळलंय. क्लच प्लेट गेल्या. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, 85 हजार धरून चला. टो पाठवू का?”

मी हो म्हणणारच होतो. बायको म्हणाली, “आधी भाच्याला विचारा.” तिच्यामुळे वाचलो. भाचा काही वर्षं गॅरेजमध्ये काम केलेला. त्याने फोनवर पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: “मामा, इंजिन बंद करा आणि गाडी ओढून आणू नका, फ्लॅटबेडवरच चढवा, म्हणजे चारही चाकं वर राहतील अशा सपाट ट्रकवर.” मागची चाकं रस्त्यावर फिरत राहिली आणि इंजिन बंद असलं, तर गिअरबॉक्समधला पंप फिरत नाही आणि आतले भाग ऑइलविना घासतात, हे मला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडुपला त्याच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यांनी गाडी लिफ्टवर घेतली. त्यांनी वर्तमानपत्राचा एक कागद आणला. चेसिसवरचा काळा ओघळ बोटाने पुसून त्यावर एक ठिपका दिला आणि शेजारी गिअरबॉक्सच्या नटापाशी ओलसर राहिलेल्या ऑइलचा दुसरा. पहिला काजळीसारखा काळा, दुसरा लालसर आणि पातळ. “हे काळं डिझेल गाडीचं वापरलेलं इंजिन ऑइल आहे. तुमच्या इंजिनला तर कुठे गळतीच नाही. बाटलीने मारलंय कुणीतरी,” ते म्हणाले.

मग त्यांनी पातळी कशी बघतात ते दाखवलं. मी शेजारी उभा राहून शब्दन्‌शब्द ऐकला. गाडी चारही बाजूंनी सपाट हवी, पुढून जॅकवर उचललेली चालत नाही. स्कॅनर लावून गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान वाचायचं. बऱ्याच गाड्यांना ते 35 ते 45 अंशांच्या दरम्यान लागतं, पण आपल्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघायचा. आधी लिटरभर ऑइल भरूनच त्यांनी इंजिन सुरू केलं. ब्रेक दाबून लिव्हर पी, आर, एन, डी असा एकेक करून काही सेकंद ठेवला, परत पी वर आणला. तापमान 38 झाल्यावर, इंजिन चालू ठेवूनच, खालचा तपासणीचा नट खोलला. थेंबसुद्धा आला नाही. बाजूच्या भरण्याच्या नटातून पंपाने ऑइल सोडत राहिले. खालून बारीक धार आली, ती थेंबथेंब झाल्यावर नवीन वायसर टाकून नट बंद. एकूण पावणेदोन लिटर गेलं. म्हणजे आदल्या दिवशी 4 लिटर भरलं म्हणून पैसे घेतले, त्यातलं काहीच भरलं नव्हतं.

आणि त्याने नट खोलण्याआधी माझ्या गाडीत कमी काहीच नव्हतं. इंजिन चालू असताना बरंचसं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या भागात, वर खेळत असतं. बंद केलं की ते खाली चेंबरमध्ये उतरतं. शिवाय सव्वातीनशे किलोमीटर पळून आलेलं ऑइल तापून फुगलेलं असतं. अशा वेळी तो नट खोलला की बरोबर पातळीच्या गाडीतूनही ऑइल भसाभस बाहेर येणारच. त्या गल्लीतल्या मेकॅनिकला हे पुरतं ठाऊक होतं. तेवढं काढून घ्यायचं, नट लावायचा, आणि पहिल्या चढावर गाडी आपणहून त्याच्याकडे परत येणार. मी तशीच ओढत घरापर्यंत नेली असती, तर क्लच प्लेट खरोखरच जळाल्या असत्या. नव्या ऑइलनंतर गिअर पूर्वीसारखे पडतात, महिनाभर गाडी व्यवस्थित चालली आहे.

रस्त्यात कुणी गळती दाखवली तर आधी स्वतःच्या बोटाने ऑइलचा रंग बघा. एसी चालू असेल तर खाली नुसतं पाणीही ठिबकतं. आणि इंजिन बंद करून, तापमान न बघता कुणी ऑटोमॅटिकच्या चेंबरचा नट खोलायला लागला, तर त्याचा हात तिथेच थांबवा. तोंडावर थांबवायला संकोच वाटला तर “घरून फोन आलाय” असं म्हणा, पण निघा.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वरही फोन केला, त्यांनी पहिलं बिलच मागितलं आणि माझ्याकडे ते वहीचं पान. यूपीआयवरचं नाव तिसऱ्याच माणसाचं निघालं. पुढच्या रविवारी भाच्याला घेऊन त्या गल्लीत गेलो, तर शटर बंद आणि वर पाटीच नाही. मोटारसायकलचा नंबर मी बघितला नव्हता. खाडीपूल ते मानखुर्द या पट्ट्यात तुम्हाला कुणी असं थांबवलं असेल, तर नंबर आणि तारीख टिपून जवळच्या ठाण्यात लेखी द्या. एकट्याच्या तक्रारीवर फारसं हलत नाही, चार झाल्या तर त्यांना त्या एकत्र बघाव्या लागतील.