आडनाव की घडवलेलं नाव? ब्रँडचं बारसं करण्याआधी

मी दोन्ही करून पाहिलंय. पहिली चार वर्षं आमची भाजणी, मेतकूट आणि चटण्या एका घडवलेल्या नावानं विकल्या. 2021 पासून त्याच पाकिटांवर आमचं आडनाव आहे. पुण्यात नवा धंदा काढणारे ओळखीतले लोक नावाबद्दल विचारतात, तेव्हा या अनुभवावरूनच बोलतो. सॉफ्टवेअरवाल्यांचं गणित वेगळं असू शकतं.

घडवलेल्या नावाची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. ट्रेडमार्कच्या दृष्टीनं कोशात नसलेला शब्द सगळ्यात सोपा. मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 खाली अडतं. 'खमंग भाजणी'वर एकट्याचा हक्क कसा मागणार? आमच्या पहिल्या नावाला ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षकानं एकही हरकत घेतली नाही. आडनावाच्या अर्जावर मात्र हरकत आली. उत्तराला महिन्याची मुदत असते, त्यात जुनी बिलं आणि पाकिटांचे फोटो गोळा करताना दमछाक झाली. फीचा फरक नाही: लहान उद्योगाला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचे 4500 रुपये, इतर कंपन्यांना 9000, आणि तेही मालाच्या दर वर्गामागे. पीठं-मसाले 30 व्या वर्गात येतात. उद्या लोणचं काढलंत की 29 वा वर्ग, म्हणजे पुन्हा तेवढेच पैसे.

मग नाव बदललं कशामुळे? फोनमुळे.

आमचं पहिलं नाव 'स्वाद' या शब्दावरून केलेलं होतं. डिझायनरनं त्यातला स्वर काढला आणि शेवटी 'क्यू' लावला. कागदावर ते देखणं दिसायचं, त्या मुलाच्या कामाला मी आजही नावं ठेवणार नाही. पण ते तोंडानं सांगता यायचं नाही. कुरिअरवाल्याला, बँकेत, छपाईवाल्याला, प्रदर्शनात स्टॉलची पावती फाडणाऱ्याला रोज तेच: "एस, डब्ल्यू, डी, क्यू. नाही हो, मध्ये 'ए' नाहीये." दिवसातून सात-आठ वेळा तरी. एकदा खाल्लेली भाजणी आवडली म्हणून कर्वेनगरच्या एक आजी मुलीला आमचं नाव सांगायला गेल्या, तर त्यांना ते उच्चारताच येईना. शेवटी त्यांनी रिकामं पाकीट पिशवीत घालून मुलीकडे नेलं. हे त्यांनी मला कौतुकानं सांगितलं, आणि मला रात्री झोप लागली नाही. आजींनी पाकीट जपून ठेवलं. बाकीचे टाकून देत असणार, आणि त्यांच्याकडून नाव पुढे जातच नसणार.

त्यानंतर कोथरूडमधल्या एका किराणा दुकानात हिशेबाला गेलो. दुकानदार काकांनी लाल वही उघडली, बोट फिरवत आमच्या पानावर आणलं. वर शाईनं लिहिलं होतं: 'भाजणीवाले', आणि पुढे आमचं आडनाव. चार वर्षांत त्यांनी आमचं ब्रँडचं नाव एकदाही लिहिलं नव्हतं. "गिऱ्हाईक तुमच्या आडनावानंच मागतं की," ते म्हणाले. छापून आणलेल्या पाकिटांचे पाच गठ्ठे तेव्हा घरात पडून होते. ते संपवले आणि पुढची छपाई आडनावानं केली.

त्याच सुमाराला पाटीचाही प्रश्न आला. महाराष्ट्राच्या दुकानं-आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी लागते, आणि देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. रोमन अक्षरांच्या करामतीवर उभं असलेलं नाव देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहिलं की उघडं पडतं. तुमच्या मनात जे नाव असेल ते आजच रंगवणाऱ्याकडून फळ्यावर देवनागरीत लिहून घ्या आणि रस्त्याच्या पलीकडून वाचा. माझ्या मते लोगोच्या आधी हे करायला हवं.

आडनावाचे काटेही आहेत, आणि ते पाकिटावर नाही, घरात टोचतात. एका खेपेला भाजणी खवट निघाली तर तक्रार कंपनीकडे आली नाही, लग्नाच्या पंगतीत माझ्या आईकडे आली. ती तिसऱ्या दिवशीही त्याबद्दल बोलत होती. दुसरं म्हणजे आडनाव एकट्याचं नसतं. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 35 प्रमाणे प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरून धंदा करणाऱ्याला सहसा थांबवता येत नाही. उद्या चुलतभावानं चकल्या काढल्या तर मी फार काही करू शकेन असं वाटत नाही. आणि कंपनी विकायची वेळ आली तर आडनावही करारात जातं.

मोठ्यांकडे पाहिलं तर दोन्ही वाटा चाललेल्या दिसतात. चितळे बंधूंनी 1950 पासून आडनावावर पुण्यात दुकान उभं केलं. उलट 1962 मध्ये सुरू झालेल्या प्रवीण मसालेवाल्यांनी चोरडिया हे आडनाव पाकिटावर आणलं नाही. अंबारी आणि सुहाना ही नावं मोठी केली. पण ती घडवलेली म्हणावीत का? अंबारी आणि सुहाना कुणालाही एकदा ऐकून म्हणता येतात, लिहिता येतात. आकुर्डीच्या बजाजनं आडनाव कंपनीला ठेवलं आणि 1972 मध्ये स्कूटरला चेतक म्हटलं. ते नाव इतकं टिकलं की विजेवरच्या स्कूटरलाही तेच दिलं.

तेव्हा दोन-तीन भागीदार असाल, पाच वर्षांत कंपनी विकायचा बेत असेल, किंवा आडनाव जोशी-कुलकर्णी असेल तर घडवलेलं नाव घ्या, फक्त ते मराठी जिभेवर बसणारं असू द्या. घरचं खाणं विकत असाल, आडनाव थोडं वेगळं असेल आणि लोक आधीच त्या नावानं हाक मारत असतील, तर मी आडनावाकडे झुकेन. माल हातात घेऊन कोण बनवतं हे विचारणारं गिऱ्हाईक इथे अजून बरंच आहे.

जुनं नाव मी सोडलेलं नाही. नोंदणी दहा वर्षांची असते, ती अजून चालू आहे. पण सलग पाच वर्षं वापरलं नाही तर ज्याला त्या नोंदणीची अडचण होते तो ते काढून टाकायचा अर्ज करू शकतो, म्हणून नाचणीच्या बिस्किटांना तेच द्यावं असं बायको म्हणते. मी तिला एकच अट घातली आहे: स्वर परत घालायचा.