१३९ × ४२ चा कार्बन काइटबोर्ड, धरणाच्या पाण्यावर: पावसाळाभर वापरल्यानंतर

काइट म्हणजे मोठा पतंग, आणि त्याच्या ओढीवर पाण्यावरून पळणारी फळी म्हणजे काइटबोर्ड. आधी मापं सांगतो, कारण बोर्ड निवडताना कंपनीच्या नावापेक्षा तीच उपयोगी पडतात. ट्विन टिप, म्हणजे दोन्ही टोकं सारखी, लांबी १३९ सेंटीमीटर, रुंदी ४२. आत पाउलोनिया लाकूड, वरून कार्बन. रॉकर, म्हणजे टोकांची वर वळलेली बाक, मध्यमपेक्षा थोडी कमी. टोकं चौकोनाकडे झुकणारी. सोबत आलेल्या फिन, म्हणजे बोर्डाखालचे पकड देणारे पर, पाच सेंटीमीटरच्या. माझं वजन ७५ किलोच्या आसपास आणि काइट दोन, नऊ आणि बारा चौरस मीटरचे. बोर्ड सेकंडहँड. तुतीकोरिनला समुद्रावर चालवून बघितला, पटला, आणि जूनपासून मांजरा धरणाच्या पाण्यावर वापरतोय.

या वर्गातले बोर्ड विकले जातात ते उंच उडीच्या फोटोंवर. आमच्याकडे उडीचा प्रश्न फार नंतर येतो. पहिला प्रश्न असा की जिथून पाण्यात शिरलो तिथेच परत येता येतं का. समुद्रावर वाऱ्याबरोबर खाली वाहत गेलात तर बहुतेक वेळा दोन किलोमीटर पुढच्या वाळूवर उतरता आणि बोर्ड बगलेत मारून चालत येता. मराठवाड्यातल्या नद्या साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे धरणाची भिंत असते पूर्वेच्या टोकाला. आणि पावसाळी वारा पश्चिमेचा. म्हणजे वारा तुम्हाला सरळ भिंतीकडे आणि दरवाजांकडे ढकलत असतो. तिथे अपविंड, म्हणजे वारा येतो त्या दिशेला वर चढत, जाता येणं ही हौसेची गोष्ट राहत नाही. वारा पडला तरी वर चढत राहील असा बोर्ड, हीच माझी एकमेव अट होती आणि बाकी सगळं त्या अटीवरून ठरलं.

वाऱ्याचं सांगतो. जूनच्या दुपारी हातातल्या वारामापकावर एका मिनिटात ११ नॉटही (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) दिसतात आणि २२ ही. जमीन तापलेली असते, गरम हवा वर उठते आणि वरचा वेगवान वारा झोतांनी खाली येतो. जुलैत आभाळ झाकलेलं असलं की हाच वारा बराच एकसारखा वाहतो, आणि मला विचाराल तर आमचे खरे दिवस ते. बालाघाटच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या बघून गाडी काढणारे मित्र आहेत. त्यांना एवढंच सांगतो की त्या पात्यांचा आस जमिनीपासून ऐंशी-शंभर मीटर वर असतो आणि आपण पाण्यावर उभे असतो.

दुसरी गोष्ट उंचीची. मांजराची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६४२ मीटर. एवढ्या उंचीवर आणि चौतीस-पस्तीस अंशांच्या दुपारी हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा साधारण आठ टक्के विरळ असते. काइटची ओढ हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर चालते, म्हणून इथला १८ नॉटचा वारा किनाऱ्यावरच्या जेमतेम १७ नॉटएवढं काम करतो. शिवाय गोडं पाणी खाऱ्यापेक्षा दोन-अडीच टक्के हलकं, म्हणजे बोर्डाला खालून आधारही तेवढा कमी. वेगवेगळं बघितलं तर किरकोळ वाटतं. पण वारा आधीच काठावरचा असेल तेव्हा हेच दोन आकडे ठरवतात की बोर्ड पाण्यावर चढणार की तुम्ही कमरेपर्यंत पाण्यात बसून राहणार.

काइटच्या मापाचा ढोबळ हिशोब सगळ्यांना माहीत असतो: किलोतलं वजन गुणिले २.२, भागिले नॉट. ७५ किलोला १८ नॉटमध्ये नऊ चौरस मीटर येतात. वारा झोतांचा असला की मात्र गोची होते. झोताचा आकडा धरून छोटा काइट लावला तर वारा पडल्यावर तो आभाळात नुसता लटकतो, आणि पडलेल्या वाऱ्याचा आकडा धरून मोठा लावला तर झोतात तोच तुम्हाला उचलतो. मी काइट झोताकडे बघून निवडतो आणि बोर्ड पडलेल्या वाऱ्याकडे बघून. या रिव्ह्यूतलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आता रुंदी. लातूरच्या एका मित्राचा बोर्ड १३६ × ४० चा आहे, जास्त रॉकरवाला, उडीसाठीच बनवलेला. आम्ही पाण्यातच बोर्ड बदलून बघितले. लांबी गुणिले रुंदी केली तर माझा सुमारे सात टक्के मोठा, आणि त्यातले पाच टक्के एकट्या रुंदीचे आहेत. वारा १२-१३ नॉटवर आला की त्याचा बोर्ड शेपटीकडून बसायला लागतो, काइट सतत वरखाली फिरवत राहावा लागतो आणि तेवढ्या वेळात माणूस वीस-तीस मीटर खाली सरकलेला असतो. माझा बोर्ड त्याच वाऱ्यात पाय थोडे सरळ केले की चालत राहतो. वेगात नाही, पण थांबत नाही. २० नॉटच्या वर मात्र चित्र उलटं होतं. रुंद बोर्डाची कड दाबून धरायला पोटऱ्या लागतात, आणि त्या वाऱ्यात त्याचा बोर्ड माझ्यापेक्षा गोड चालतो, हे कबूल.

कार्बनच्या कडकपणाचं कौतुक लोक उडीसाठी करतात. मला तो कामाला आला झोतात. मऊ बोर्ड झोत आल्यावर मधून वाकतो, कड सुटते आणि बोर्ड आडवा घसरतो. हा वाकत नाही. झोत आला की टाचेवर वजन टाकायचं, कड पाण्यात रुतते आणि आलेली सगळी ओढ वर चढण्यात जाते. एका झोतात वाऱ्याकडे वर मिळवलेलं अंतर पुढे दोनदा वारा पडला तरी खर्चायला पुरतं. याची किंमत गुडघे देतात. पाणी उथळ आणि वारा जोराचा असला की धरणात आखूड, उभ्या लाटा उठतात. दीड-दोन तास त्यांच्यावरून गेलात की प्रत्येक लाट गुडघ्याच्या वाटीत मोजता येते. गुडघा आधीच कुरकुरत असेल तर याच मापात काचतंतूचा बोर्ड घ्या. थोडी पकड जाईल, पण संध्याकाळी जिना चढता येईल.

आणि आता इथलं खरं दुखणं. वारा येतो जून-जुलैत, पाणी भरतं ऑगस्ट-सप्टेंबरात. धरण भरेपर्यंत वाऱ्याचा दम गेलेला असतो. म्हणजे भर वाऱ्याच्या दिवसांत आम्ही आक्रसलेल्या पाण्यावर असतो. ज्या धरणाच्या कोरड्या तळामुळे २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच धरणाची ही गोष्ट, त्यामुळे एखाद्या वर्षी बोर्ड माळ्यावरच राहणार हे गृहीत धरून पैसे घाला. पाणी कमी म्हणजे काठाला काळ्या मातीचा गाळ, पाण्याखाली बाभळीची खोडं, शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबल, आणि मासेमारीची जाळी. जाळ्यांची खूण म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या. ऊन समोरून असलं की त्या अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावणारे एक काका पहिल्याच आठवड्यात ओरडून म्हणाले, "भाऊ, तिकडं नका जाऊ, खाली बाभळी हैत. तुमची फळी चिरायची." तेव्हापासून पाण्यात उतरण्याआधी त्यांनाच विचारतो. पाण्याची पातळी आठवड्याला बदलते आणि कोणतं खोड आज किती खाली आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

यासाठी पाच सेंटीमीटरच्या फिन काढून चारच्या लावल्या. एरवी छोट्या फिनने अपविंडची पकड जाते, पण या बोर्डाची कड इतकी लांब आणि कडक आहे की फरक जाणवला तो फक्त वळताना, शेपटी थोडी सैल वाटते. बदल्यात गुडघाभर पाण्यात फिन गाळात रुतून तोंडावर पडण्याचं बरंच कमी झालं. फिनचे स्क्रू मात्र सैल होतात, दर वेळी बघा. गाळाचे बारीक कण आट्यांत जाऊन बसतात आणि नंतर पेचकस घसरतो. घरी आल्यावर जुन्या टूथब्रशने घासून काढतो.

बाकी तक्रारी थोडक्यात. पायपट्ट्यांच्या खालचा फोम टाचेकडून दबलाय. चिखल लागलेला पाय पट्टीत सरकवला की आतलं अस्तर सँडपेपरसारखं झिजतं, म्हणून मी कमरेला छोटा मग बांधून नेतो आणि पाय धुऊनच पट्टीत घालतो. लोक हसतात, हसू देत. एका टोकाला खोडाला लागून कड टवकली. सुकवून, घासून इपॉक्सी भरलं, आत पाणी गेलेलं नाही. हे लगेच करावं लागतं, लाकडाने एकदा पाणी धरलं की बोर्ड संपला. काठावरच्या वेड्या बाभळीचे काटे बोर्डाला काही करत नाहीत, पण काइटच्या हवेच्या नळीत पंक्चर करतात, तेव्हा ताडपत्री न्या.

तुतीकोरिनला परत नेला तेव्हा हाच बोर्ड वेगळा वाटला. एकसारखा १८-२० चा वारा, जाड हवा, खारं पाणी. तिथे तो मला जरा मोठाच होता. वर्षातून बहुतेक वेळ समुद्रावर जाणार असाल तर ७५ किलोला १३७ × ४१ घ्या आणि रॉकर थोडा जास्त चालेल. धरणावरच राहणार असाल तर ४२ च्या खाली उतरू नका. ६० किलोच्या आतल्यांना ४० रुंदी पुरते. नव्वदीच्या पुढे असाल तर ४४ शोधा, लांबी १४२-१४४ पर्यंत गेली तरी बिघडत नाही.

नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, जावं का, असं विचारणारे बरेच आहेत. तिथे पाणी भरपूर, पण ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. काइट उडाला की फ्लेमिंगोंचा थवा उठणार, त्यामुळे तो विषय माझ्याकडून बंद. दुसरीकडे कुठेही जलसंपदा विभागाची परवानगी, अंगात जॅकेट, आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला विजेच्या तारा नाहीत ना, एवढं बघून घ्या. जूनच्या दुपारी लांबवर ढग काळा दिसला तरी काइट उतरवा. ढग येण्याआधी वारा एकदम छान होतो, आणि तेव्हाच "अजून एक फेरी" म्हणणारे आमच्या ग्रुपमध्ये आता नाहीत, त्यांना आम्ही काइट देत नाही.