बी.कॉम.चं पहिलं वर्ष: सल्ला सिनिअरचा की मेंटॉर सरांचा?

खानापूर-निपाणीकडून मराठी माध्यमातून शिकून बेळगावात बी.कॉम.ला आलेल्या मुलांना पहिला आधार सिनिअरचाच. इंग्रजी पुस्तकातलं डेबिट-क्रेडिट तो कँटीनमध्ये बसून मराठीत समजावतो, जुन्या प्रश्नपत्रिका देतो. हे मोलाचंच आहे.

विषय निवडताना मात्र मेंटॉर सरांकडेच, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकांकडेच जा. कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. त्याआधी प्रवेश घेतलेल्यांचा अभ्यासक्रम वेगळा होता. त्यांच्या अनुभवावरून ऐच्छिक विषय घेतलात तर फसाल. राणी चन्नम्मा विद्यापीठाचं चालू परिपत्रक सरांकडून समोर ठेवून वाचून घ्या. कन्नड येत नाही म्हणून स्टाफरूमच्या दाराशी घुटमळू नका, सरळ मराठीत विचारा. सीए करायचं असेल तर तेही पहिल्याच सेमिस्टरला सांगा. फाउंडेशनची, म्हणजे सीएची पहिली परीक्षा बारावीनंतर लगेच देता येते.