होमो इरेक्टस की निअँडरथल: शाळेच्या प्रदर्शनासाठी कोणता निवडावा?

फोंड्याच्या एका शिक्षिकाबाईंना विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांकडून आदिमानवावर एकच प्रकल्प करून घ्यायचा आहे आणि होमो इरेक्टस आणि निअँडरथल या दोन नामशेष मानवप्रजातींपैकी कोणता घ्यावा, हे त्यांचे ठरत नाही.

शरीररचना दाखवायला इरेक्टस सोपा आहे. केनियात तुर्काना सरोवराजवळ १९८४ साली मिळालेल्या, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या मुलाच्या सांगाड्यात लांब चालीचे पाय स्पष्ट दिसतात. मेंदू मात्र आपल्यापेक्षा बराच लहान. निअँडरथल बुटका, रुंद छातीचा, पण मेंदूने आपल्या तोडीचा.

हत्यारांतही इरेक्टसच सोयीचा. दोन्ही बाजूंनी छिललेली हातकुऱ्हाड मुले मातीत घडवू शकतात, आणि त्या परंपरेची हत्यारे महाराष्ट्रात नेवाशाजवळ चिरकी येथेही सापडली आहेत.

वर्तन आणि संस्कृतीकडे वळले की पारडे फिरते. इराकमधील शानिदार गुहेतल्या एका निअँडरथल पुरुषाचा उजवा हात निकामी होता, डाव्या डोळ्याजवळचे हाड जबर माराने चेपले होते, तरीही जखमा भरून तो पुढे कित्येक वर्षे जगला. सोबत्यांनी सांभाळल्याखेरीज हे घडणे मला अशक्य वाटते. शिवाय २०१० साली त्यांच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून आपल्यातही त्यांचा एक-दोन टक्के वारसा असल्याचे स्पष्ट झाले आहे.

गोव्यातल्या कुशावती नदीकाठची उसगाळीमळची कातळचित्रे मात्र दोघांपैकी कोणाच्याही नावावर मांडू नयेत. ती आपल्याच प्रजातीच्या माणसांनी कोरली आहेत.

पाचवी-सहावीच्या मुलांना हातांनी काही घडवायचे असेल, तर इरेक्टस घ्यावा. नववी-दहावीला आनुवंशिकतेसोबत माणुसकीच्या उगमाची चर्चा करायची असेल, तर निअँडरथल.