फळं तारेनं बांधलेली, रोपाला मूळच नाही: सोलापुरात स्ट्रॉबेरीच्या कुंड्या घेणाऱ्यांनी हे वाचा

दारावर फळं लागलेली स्ट्रॉबेरीची कुंडी विकायला आली, तर पैसे काढायच्या आधी एक फळ धरून हलकेच ओढा. खऱ्या रोपाचं फळ ओढलं की देठासकट सगळा घोस हलतो. मी घेतलेल्या कुंडीतलं फळ पाणी घालताना अलगद हातात आलं आणि मागे उरली हिरव्या चिकटपट्टीत गुंडाळलेली बारीक तार.

फेब्रुवारीच्या शेवटी जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीत एक टेम्पो फिरत होता. हिरव्या जाळीखाली काळ्या कुंड्या आणि प्रत्येक कुंडीत लालभडक फळं. भोंग्यावर 'महाबळेश्वरची अस्सल रोपं, बाराही महिने फळ' हे चालूच. एक कुंडी २५० रुपयांना, तीन घेतल्या तर निळ्या स्ट्रॉबेरीच्या बियांचं पाकीट फुकट. मी विचारलं, "आपल्याकडच्या उन्हात टिकतील का?" तर म्हणाला, "का नाही टिकणार ओ ताई? सोलापूरसाठीच बनवलेलं वाण हाय हे. आमच्याकडं जीआयचं सर्टिफिकेट हाय." मोबाईलवर कसला तरी शिक्का मारलेला कागदही दाखवला. कॉलनीतल्या बऱ्याच जणांनी कुंड्या घेतल्या. मीही तीन घेतल्या.

या सर्टिफिकेटबद्दल आधी सांगते, कारण भल्याभल्यांचा विश्वास तिथंच बसला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, मिळालं, हे खरं आहे. पण ते त्या भागात पिकलेल्या फळाला आहे. सोलापुरातल्या गच्चीवरच्या कुंडीशी त्याचा काहीही संबंध नाही, आणि ते दाखवून रोप टिकाऊ ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं माना टाकून बसली. फळांची तार दिसल्यावर संशय आलाच होता, म्हणून एक रोप वर ओढलं. ते सहज निघालं, कारण त्याला मूळच नव्हतं. स्ट्रॉबेरीच्या रोपाला मातीलगत एक जाडसर गड्डा असतो, त्याला क्राऊन म्हणतात. त्यातूनच वर पानं फुटतात आणि खाली मुळं. इथं नुसते पानांचे देठ रबरबँडने बांधून ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, खोचले होते. दुसऱ्या कुंडीतही तेच. म्हणजे पानं कुठून तरी तोडून आणलेली, फळं बाजारातून आणून बांधलेली, आणि कोकोपीट भिजलेलं असल्यामुळे विकून होईपर्यंत सगळं ताजं दिसणार. ही ठरवून केलेली लबाडी आहे.

तिसऱ्या कुंडीतल्या रोपाला मुळं होती. ते सावलीत ठेवलं, जगलं, आणि त्याला पिवळं फूल आलं. स्ट्रॉबेरीचं फूल पांढरं असतं. पिवळं फूल येतं ते मॉक स्ट्रॉबेरीला. तिचंही पान तीन दळांचं, फळही लाल. विषारी नाही, पण चव जवळजवळ नाहीच. शोभेसाठी जमिनीवर पसरू देतात ती ही वेल. फूल नसताना दोन्ही रोपं नवख्या माणसाला सारखीच दिसतात.

आणि ते पाकीट! निळी स्ट्रॉबेरी जगात कुठंही पिकत नाही. तसे फोटो रंग बदलून केलेले असतात. पाकिटातल्या बिया भराभर उगवल्या आणि थोडं वाढल्यावर कळलं की हा राजगिरा आहे. स्ट्रॉबेरीचं बी असं उगवतच नाही, त्याला दोन-तीन आठवडे सहज लागतात, कधी त्याहून जास्त. शिवाय बियांपासून आलेलं रोप मूळ वाणासारखं निघत नाही. म्हणून महाबळेश्वर, पाचगणी, वाईकडचे शेतकरी बी पेरत नाहीत. मातृरोपाला जमिनीवरून पळत जाणारे जे धुमारे फुटतात, त्या रनरची रोपं ते लावतात. 'स्वीट चार्ली' किंवा 'विंटर डॉन' या तिकडच्या वाणांचं बी कुणी विकत असेल तर तिथंच थांबा.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका अक्कांना फसवलं म्हणून. त्या ओळखीच्या आहेत. तोच टेम्पो तिकडेही गेला होता. नातीनं हट्ट केला म्हणून त्यांनी एक कुंडी घेतली, रोख पैसे दिले. दिवसभर सुपात मान घालून विड्या वळल्यावर जी मजुरी हातात येते, ती सगळी त्यात गेली. "पोरगी रोज पाणी घालायली, ते वाळतंच चाललंय, काय करू?" असं त्या मला विचारत होत्या. त्या पोरीला काय सांगायचं? 'अडीचशे रुपयांसाठी कशाला पोलिसांत जायचं' असं मला कॉलनीत दोघातिघांनी ऐकवलं. पण त्या माणसाचा सगळा धंदा याच हिशोबावर चालतो. रक्कम इतकी लहान ठेवायची की कुणी चौकीची पायरी चढू नये.

सोलापुरात स्ट्रॉबेरी येतच नाही, असं मी म्हणत नाही. हिवाळ्यापुरती कुंडीत घेता येते. पण लावायची वेळ सप्टेंबर-ऑक्टोबरची; फेब्रुवारीत तर महाबळेश्वरला फळांची तोडणी चालू असते. महाबळेश्वर सुमारे ४,५०० फुटांवर आहे, आपण १,५०० फुटांच्या आसपास. तिथं लावतात त्यातल्या बऱ्याच वाणांना फुलायला लहान दिवस आणि थंडी लागते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर गेल्यावर इथं बाराही महिने फळ देणारं रोप असूच शकत नाही. मातीही किंचित आम्लधर्मी लागते, आपली काळी माती चुनखडीची. तेव्हा शेणखत-कोकोपीट घालून वेगळं मिश्रण करावं लागतं आणि गड्डा मातीबाहेर राहील असं रोप लावावं लागतं, नाहीतर तो कुजतो. बोअरच्या खारट पाण्यानं पानांच्या कडा करपतात. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या गावात हे सांभाळणं सोपं नाही. हे सगळं जो सांगतो, पक्की पावती देतो आणि रोप उपटून मुळं दाखवायला नाही म्हणत नाही, त्याच्याकडूनच घ्या.

मी पैसे फोनवरून पाठवले होते. खातं कुणा तिऱ्हाईताच्या नावावर निघालं आणि कुंडीवरच्या कागदावरचा नंबर बंद. तक्रार नोंदवून घेतली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत. ऑनलाईन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लवकरात लवकर फोन करा; जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. ग्राहक म्हणून सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. अक्कांचा अर्ज मी लिहून दिला आहे. ज्यांनी रोख पैसे दिलेत, त्यांनी वाळलेली कुंडी, तार, पाकीट यांतलं काहीही फेकून देऊ नका. फोटो काढून ठेवा, आणि टेम्पोचा नंबर कुणाच्या सीसीटीव्हीत आला असेल तर ते चित्रण पुसलं जायच्या आत पोलीस चौकीत नेऊन द्या.