गुरुदत्तचे पिक्चर कुणाचं बोट धरून बघायचे: सोबतच्यांचं की समीक्षकांचं?

2025 ला हिंदी पिक्चरचा दिग्दर्शक आणि नट गुरुदत्तची शंभरी झाली, तेव्हापासून आमच्या ग्रुपवरची दोन-चार पोरं अधूनमधून विचारत असतात की 'प्यासा' बघितला, लई आवडला, आता ह्या माणसाचं बाकीचं काम नीट समजून घ्यायचं तर कुठनं शिरायचं? पिक्चरची यादी सगळ्यांकडे आहे, ती देत बसत नाही. प्रश्न आहे तो सोबतीचा. एक, त्याच्याबरोबर काम केलेल्या लोकांच्या आठवणी, मुलाखती. दोन, समीक्षकांनी लिहिलेलं. मी दोन्हीकडनं जाऊन आलोय, त्यातही आधी चुकीच्या बाजूनं गेलो असं आता वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोल्हापूरचा माणूस गुरुदत्तवर का बोलतोय असं कुणी विचारायच्या आत सांगतो. प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथं सुरू झाली, 1933 ला पुण्याला गेली, आणि त्याच पुण्याच्या प्रभातमध्ये पुढं गुरुदत्त कामाला लागला. देव आनंद आणि रहमान हे नट त्याला तिथंच भेटले. म्हणजे आमच्या गावाशी नातं लागतं, चुलत-चुलत का असेना. ताणलेलं आहे हे मलाही कळतंय, पण राहू दे.

तर आधी सोबतचे लोक. हा रस्ता सोपा आहे आणि पहिल्या दिवसापासून मजा येते, त्यात वादच नाही. नसरीन मुन्नी कबीर यांनी 1989 ला केलेली डॉक्युमेंटरी बघा, त्यात बरेचसे सहकारी आणि घरचे लोक स्वतः बोलतात. लेखक अबरार अलवींच्या आठवणी सत्या सरन यांनी पुस्तकात लिहिल्यात, इंग्रजीत आहे पण सरळ गप्पा मारल्यासारखं. आणि कॅमेरामन व्ही. के. मूर्ती. मूर्तींची कुठलीही मुलाखत मिळाली तर सोडू नका. 'बाजी'च्या वेळी ते असिस्टंट होते, एका गाण्यासाठी त्यांनी अवघड शॉट सुचवला, गुरुदत्त म्हणाला मग तूच कर, आणि तो शॉट बघून पुढच्या पिक्चरला कॅमेरा ह्या माणसाच्या हातात दिला. तो 'जाल', 1952 चा. तिथनं 'साहिब बीबी और गुलाम'पर्यंत दोघं एकत्र.

'कागज के फूल'मधला तो उन्हाचा झोत सगळ्यांना माहितीय, 'वक्त ने किया' गाण्यातला. मूर्ती सांगायचे की तो मोठमोठ्या आरशांनी खरं ऊन स्टुडिओत आत वळवून केला. हे ऐकल्यावर मी आणि माझ्या भाच्यानं घरी करून बघितलं. मे महिना, दुपारचे दोन, माळ्याच्या खोलीची खिडकी पोत्यानं झाकलेली, एक आरसा बाहेर गच्चीवर खुर्चीला टेकवून, दुसरा आत कपाटाच्या डोक्यावर, आणि उदबत्तीचा धूर. पहिली वीस मिनिटं नुसती भिंतीवर टिकली नाचत होती. मग भाच्यानं बाहेरचा आरसा दोन बोटं तिरका केला आणि खोलीत तिरका पांढरा खांब उभा राहिला, त्यात धूर वर चढतोय. आम्ही दोघं गप्पच झालो. दहा मिनिटांत सूर्य सरकला की परत बाहेर पळायचं, आरसा हलवायचा. म्हणजे मूर्तींनी गाणं घेताना काय धावपळ केली असेल त्याचा अंदाज आला. असलं शिक्षण समीक्षेचं पुस्तक देत नाही, हे मान्यच करायला पाहिजे.

पण.

ह्या वाटेवर एक गोष्ट मला इतकी टोचली की शेवटी त्या एका गोष्टीवरच माझा निकाल लागला. सोबतच्यांच्या सगळ्या आठवणी, कुठनंही सुरू करा, फिरून 10 ऑक्टोबर 1964 ला जाऊन पोचतात. माणूस लेन्सबद्दल बोलत असतो, मग म्हणतो तेव्हा तो जरा उदास असायचा, मग झोप येत नसायची, मग दारू, मग घरातली भांडणं, मग ती शेवटची रात्र. त्यांची चूक नाही म्हणा, मित्र गेला त्यांचा, 39 वर्षांचा. आणि मुलाखत घेणाराही तिकडेच ओढत असतो. पण मी पिक्चर समजून घ्यायला गेलो होतो आणि दरवेळी पंचनामा ऐकून परत येत होतो.

हे माझ्या लक्षात कधी आलं? एका रविवारी मित्राच्या घरी, मंगळवार पेठेत, आम्ही सात-आठ जण 'कागज के फूल' बघायला जमलो. भडंग होतं, चहाचा दुसरा राउंड झालेला. मी आपला जाणकार म्हणून मध्येमध्ये माहिती पुरवत होतो, हा पहिला भारतीय सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा पिक्चर, हे असं, ते तसं. चाळीसेक मिनिटांनी कुणीतरी विचारलं, मग ह्याचं खरंच वहिदाबरोबर काय होतं रे? झालं. मी ऐकलेले सगळे किस्से ओतले. पिक्चर पॉजवर, पडद्यावर वहिदा रहमान तोंड अर्धं उघडं ठेवून थांबलेली, आणि आम्ही दीड तास एका मेलेल्या माणसाच्या संसारावर बोलतोय. शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, पिक्चर बघूया की आता." तोवर लोकांची जेवायची वेळ झाली आणि सगळे उठले. घरी येताना हिशेब केला तर त्या दोन-अडीच महिन्यांत मी मुलाखती, क्लिपा, किस्से भरपूर गिळले होते आणि गुरुदत्तचा एकही पिक्चर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला नव्हता.

दुसरी बारीक अडचण म्हणजे आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. 'साहिब बीबी'वर दिग्दर्शक म्हणून अलवींचं नाव आहे, फिल्मफेअरही त्यांनाच मिळालं. गाणी गुरुदत्तनं घेतली असं तेही सांगायचे, पण बाकीचा पिक्चर आपला यावर ते शेवटपर्यंत ठाम. बरेच लोक मानत नाहीत. आता ऐकणाऱ्यानं कुणाचं खरं धरायचं? मी दोन्ही बाजूंनी भांडून बघितलंय, हाती काही लागत नाही.

मग समीक्षक. इथं मराठी माणसाची चैन आहे, कारण अरुण खोपकरांचं 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' मुळात मराठीतच लिहिलेलं आहे, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं, नंतर शांता गोखल्यांनी इंग्रजीत नेलं. तीन अंक म्हणजे 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी'. खोपकर स्वतः फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, सिनेमे करणारे, त्यामुळं शॉट, प्रकाश, गाणं यांच्याबद्दल बोलतात ते हात लावून बघितल्यासारखं. खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा जड गेलं. बसस्टँडवर गाडीची वाट बघत वाचायचं पुस्तक नाही हे. तीस-चाळीस पानांनंतर मी ते ठेवून दिलं होतं, वर्षभर तसंच पडलं होतं.

त्या रविवारनंतर परत काढलं. आणि एक गंमत झाली, म्हणजे माझ्यापुरती तरी. दहा पानं वाचली की रिमोट हातात यायचा. अमुक शॉटमध्ये तमुक आहे म्हणतायत, आहे का खरंच? लाव बघू. हे फक्त ह्याच पुस्तकाचं नाही, चांगल्या समीक्षेचं एकूणच असं होतं. उदाहरण सांगतो. 'प्यासा'च्या शेवटाकडं विजय, म्हणजे स्वतः गुरुदत्त, सभागृहाच्या दारात हात पसरून उभा राहतो, मागनं उजेड, ते क्रुसावरच्या येशूसारखं दिसतं हे बऱ्याच जणांनी लिहिलंय आणि ते आपल्यालाही दिसतं. पण त्याच्या बऱ्याच आधी मीना, म्हणजे माला सिन्हा, 'लाइफ' मासिक वाचत बसलेली असते आणि त्याच्या कव्हरवर येशूच असतो, हे मी चार वेळा पिक्चर बघून एकदाही पाहिलं नव्हतं. वाचलं, लावला, थांबवला, टीव्हीला नाक लावून बघितलं. आहे की! मग पुढचा सगळा पिक्चर परत बघितला, बसल्या बैठकीला, रात्री पावणेदोनपर्यंत. बायको दोनदा उठून बघून गेली.

माझं मोजमाप एवढंच आहे, त्याला शास्त्र म्हणू नका. सोबतच्यांचं ऐकलं की मी पुढची मुलाखत शोधायचो, समीक्षकाचं वाचलं की पिक्चर लावायचो.

समीक्षकांतही खोट आहेच. एक तर शोकांतिका सगळ्यांना प्रिय, त्यामुळं 'आर पार' आणि 'मिस्टर अँड मिसेस 55'ला त्यांच्या हिशेबात मागची बाकडी मिळतात. माझ्या मते हा अन्याय आहे, जॉनी वॉकर आणि संगीतकार ओ. पी. नय्यर यांच्याशिवाय गुरुदत्त अर्धा राहतो. ह्या पिक्चरांसाठी मात्र सोबतच्यांकडेच जावं लागतं. दुसरं, 'गुरुदत्तनं प्रकाश असा टाकला', 'गुरुदत्तनं अवकाश असा रचला' अशी वाक्यं वाचून वाचून वाटायला लागतं की बाकीचे चहा प्यायला आले होते. 'कागज के फूल' पडला, त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तचं नाव परत कधी पडद्यावर आलं नाही, पण त्याच पिक्चरसाठी मूर्तींना छायाचित्रणाचं आणि आपल्या एम. आर. आचरेकरांना कलादिग्दर्शनाचं फिल्मफेअर मिळालं. मूर्तींना तर पुढं 2008 चा फाळके पुरस्कार मिळाला, कॅमेरामनला मिळालेला पहिला.

त्यामुळं तुम्हाला माणूस जवळनं बघायचा असेल, किंवा घरात सगळ्यांनी मिळून बघायचं असेल तर डॉक्युमेंटरीनं सुरुवात करा, वाईट काही नाही. वाचायचा कंटाळा असेल तरी तेच बरं. पण मला विचाराल तर, आणि पोरं मलाच विचारतायत म्हणून सांगतो, आधी कुणाचंही न ऐकता 'प्यासा' परत एकदा बघा, मग खोपकर घ्या, हळूहळू, एका वेळी दहा पानं, रिमोट शेजारी ठेवून. तिन्ही अंक झाले की मूर्ती. अलवी त्याच्यानंतर, तोवर तुमचं स्वतःचं काहीतरी मत झालेलं असेल आणि 'साहिब बीबी' कुणाचा ह्यावर निदान पिक्चर बघून भांडता येईल. शेवटच्या रात्रीचे किस्से सगळ्यात शेवटी, नाही ऐकले तरी चालतील.

आणि आरशाचा प्रयोग करणार असाल तर दुपारी बारानंतर करा, धुराला उदबत्तीपेक्षा धूप बरा, आणि आईच्या कपाटाचा आरसा काढू नका. आमचा गच्चीवरनं खाली गेला, त्याचं अजून ऐकतोय.