कार सीटसाठी घरी शिवलेला फ्लीसचा पाँचो: दोन हिवाळे वापरल्यावर

आम्ही अमेरिकेत मिनियापोलिसला राहतो, इथे जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. लेक साडेतीन वर्षांची आहे, आणि तिच्यासाठी फ्लीसचा, म्हणजे मऊ लवदार कापडाचा, शिवलेला पाँचो (डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा गोल झगा) आता दुसरा हिवाळा रोज वापरात आहे म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी मुद्द्याचं. फुगीर जॅकेट घालून मुलाला कार सीटमधे (गाडीत लावायच्या, पट्टे असलेल्या लहान मुलांच्या आसनात) बसवू नका असं इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण धडक बसली की जॅकेट चेपतं आणि पट्टा आणि छाती यांच्यात जागा पडते. पटत नसेल तर घरीच करून बघा, जॅकेट घालून बसवा, पट्टा नेहमीसारखा आवळा, मग पट्टा अजिबात सैल न करता मुलाला काढा, जॅकेट उतरवा आणि परत बसवून क्लिपा लावा. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल. आमच्याकडे चांगलाच धरता आला होता, त्या दिवसापासून गाडीत जॅकेट बंद.

पाँचोचं काम इथेच सुरू होतं. बसवताना मागचा भाग सीटच्या पाठीवरून पलीकडे टाकायचा, पुढचा वर उचलायचा, पट्टे आतल्या साध्या कपड्यांवरून आवळायचे, छातीची क्लिप काखेच्या रेषेत आणायची आणि मग पुढचा भाग खाली सोडायचा. पाठीखाली काही नाही, पट्ट्याखाली काही नाही. सासरे आले होते तेव्हा त्यांना एकदाच दाखवलं, पुढे तेच डेकेअरमधून तिला आणायचे.

शिवायला खरंच सोपा आहे. फ्लीसचा पन्हा साधारण 60 इंच असतो, सव्वा यार्ड कापड घेतलं की घडी घालून 22 इंच त्रिज्येचा गोल बेतता येतो आणि उरलेल्या पट्टीत टोपी बसते. गळ्याला 3 इंच त्रिज्या आणि पुढे 5 इंचांची चीर, तिला एक टिचबटण. कापलेल्या कडेचे दोरे निघत नाहीत म्हणून खाली दुमडायचीसुद्धा गरज नाही. बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई लावा, टाका 3 ते साडेतीन मिलिमीटर ठेवा, आणि इस्त्री लांब ठेवा कारण हे पॉलिएस्टर आहे, वितळतं. बॉबिनच्या खाली लव प्रचंड साठते, ती अधूनमधून ब्रशने काढत राहा नाहीतर मशीन टाके गाळायला लागतं.

मी अंगाला दोन थर दिलेत पण टोपी मुद्दाम एकेरी ठेवली, जाड टोपी डोक्यामागे गोळा झाली की मान पुढे ढकलली जाते. टोपीला नाडी अजिबात लावू नका, लहान मुलांच्या टोपीच्या नाड्या अडकून गळफास बसल्याच्या घटना इथे झालेल्या आहेत. आणि अगदी तान्ह्या बाळासाठी हा प्रकार नकोच, कापड तोंडावर येऊ शकतं, त्यांना पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरूण घातलेलं बरं.

आता वापराचं. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गाडी तापली की तिची तीच पुढचा भाग बाजूला सारते, घामाघूम होत नाही आणि आपल्याला मागे वळून चेन उघडत बसावं लागत नाही. धुवायला गार पाणी, सॉफ्टनर न घालता, आणि वाळतो पटकन. अँटी-पिल फ्लीस घेतलं होतं त्यामुळे बाहेरच्या थराला गोळे जवळजवळ नाहीत, आतला थर स्वस्तातला होता तो मात्र पहिल्याच हिवाळ्यात खरबरीत झाला. त्यामुळे कापडात काटकसर करू नका, प्लीज.

वाऱ्याला फ्लीस अडवत नाही, पार्किंगमधून चालताना जाणवतं आणि खालून पाँचो उडतो. त्यावर उपाय म्हणून कोपराच्या खाली दोन्ही बाजूंना एकेक टिचबटण लावलं, चालताना बंद, गाडीत बसवताना उघडं, फार फरक पडला. कोरड्या हवेत स्टॅटिक होतं, केस उभे राहतात, ते आहेच. आणि हा जॅकेटला पर्याय नाही, डेकेअरमधे बर्फात खेळायला जाड जॅकेट बॅगेत द्यावंच लागतं.

आता तो गुडघ्याच्या वर जायला लागलाय. पुढचा 25 इंचांचा बेतणार आहे, दोन्ही थर अँटी-पिलचे आणि गळ्याला चिरेऐवजी छोटी चेन, रंग तिने आत्ताच सांगून ठेवलाय, पिवळा.